स्टेप थेरपी म्हणून चालू औषध नाकारलं, अमेरिकेत पेशंटला कायद्याने नक्की काय हक्क आहेत?

उंबरठा | १४ जानेवारी २०२६
मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. बायकोला रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. गेली तीन वर्षं आठवड्याला एक एटानरसेप्टचं इंजेक्शन चालू आहे आणि खरं सांगतो त्या इंजेक्शनवर आमचं घर चाललंय, त्याआधी सकाळी उठल्यावर तिला टूथपेस्टचं झाकण फिरवता यायचं नाही. १ जानेवारीपासून माझी नवी नोकरी, नवा इन्शुरन्स. जुन्या प्लॅनमध्ये प्रायर ऑथ (औषधासाठी इन्शुरन्सची आगाऊ मंजुरी) वर्षाला एकदा रिन्यू व्हायची, कधी कटकट नाही. नव्यांनी काल डिनायल लेटर धाडलं, "स्टेप थेरपीची अट पूर्ण नाही". म्हणजे आधी तीन महिने मेथोट्रेक्सेट घ्या, मग अ‍ॅडालिमुमॅबचं बायोसिमिलर (मूळ औषधाची जवळपास हुबेहूब आवृत्ती) घ्या, त्याचाही उपयोग नाही झाला तर मग बघू. अहो मेथोट्रेक्सेट तिने २०२२ मध्येच घेऊन झालंय, लिव्हरचे आकडे तिप्पट झाले म्हणून डॉक्टरांनीच बंद केलं! फोन केला तर पन्नास मिनिटं तीच ती पियानोची धून, आणि शेवटी जी बाई आली ती म्हणते डॉक्टरांचा फॉर्म आला नाही, डॉक्टरांचं ऑफिस म्हणतं गेल्या आठवड्यातच फॅक्स केला. फ्रीजमध्ये दोनच इंजेक्शनं उरलीत. इथे कोणी यातून गेलंय का? कायदा बियदा काही आहे का यावर?

मिरचीचा_ठेचा | १४ जानेवारी
च्यायला, चालू असलेलं औषध थांबवून आधी बिघडून दाखवा मग देतो असा हा प्रकार. माझ्या साडूच्या मुलाला सोरायसिससाठी अस्संच केलं होतं. भारतातून मागवता येईल का बघा की, तिथे बायोसिमिलर कितीतरी स्वस्त.

फार्मसीतली_मावशी | १४ जानेवारी
ठेचा, रागावू नकोस पण हा सल्ला देऊ नकोस. हे गोळीचं पाकीट नाही, २ ते ८ डिग्रीत राहावं लागतं, सुटकेसमध्ये अठरा तास घालून आणलेलं इंजेक्शन टोचून घ्यायचं म्हणजे जुगार आहे.

उंबरठा, मी हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे आणि माझा अर्धा दिवस याच भानगडीत जातो. तुमचा पहिला प्रश्न "कायदा आहे का" हा नकोच, पहिला प्रश्न "हा प्लॅन कोणाच्या पैशावर चालतो" हा. कार्डावर इन्शुरन्स कंपनीचं नाव असलं तरी मोठ्या कंपन्यांमध्ये बहुतेक वेळा क्लेमचे पैसे एम्प्लॉयरच भरतो आणि इन्शुरन्सवाले नुसता कारभार बघतात. याला सेल्फ-फंडेड म्हणतात. नोकरीतून कव्हर असलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक अशाच प्लॅनमध्ये असतात आणि बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. कार्ड उलटंपालटं करून बघा, "अ‍ॅडमिनिस्टर्ड बाय" असं काही लिहिलंय का, नाहीतर सरळ एचआरला ईमेल टाका. यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

दुसरं म्हणजे फोनवर भांडणं आज बंद करा. फोनवर बोललेलं हवेत जातं, लेखी अपील पोचलं की त्यांना मुदत लागू होते.

ह्यूस्टनचा_उकाडा | १५ जानेवारी
अहो एवढं कशाला, आमच्याकडे टेक्सासमध्ये स्टेप थेरपीवर कायदाच आहे २०१७ चा. औषध आधी घेऊन लागू पडलं नाही किंवा त्रास झाला असं डॉक्टरने लिहून दिलं की अपवाद मागता येतो, आणि ७२ तासांत नाकारलं नाही तर मंजूर झालं असंच धरायचं. आता ३० च्या वर राज्यांत असे कायदे आहेत. तुमच्या राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे तक्रार ठोका, सुतासारखे सरळ येतील.

फार्मसीतली_मावशी | १५ जानेवारी
उकाडा, तुमचं बरोबर आहे पण अर्धंच. राज्याचा कायदा इन्शुरन्स कंपनीला लागतो, सेल्फ-फंडेड प्लॅनला नाही. त्यांना फेडरल कायदा, इरिसा, १९७४ चा. तुमच्याकडे तर ओळखणं सोपं आहे, टेक्सासमध्ये कार्डावर टीडीआय किंवा डीओआय (राज्याच्या इन्शुरन्स खात्याची आद्याक्षरं) छापलेलं असलं तर तो प्लॅन राज्याच्या ताब्यातला.

ह्यूस्टनचा_उकाडा | १५ जानेवारी
पाकीट काढून बघितलं. काहीच छापलेलं नाही. इतकी वर्षं मी लोकांना हाच कायदा सांगत फिरतोय 😐

नुसतं_वाचतो | १५ जानेवारी
एरवी मी नुसतं वाचतो पण इथे राहवलं नाही. इरिसा मुळात पेन्शनसाठी केलेला कायदा आहे हो. १९६३ मध्ये स्टुडबेकर मोटार कंपनीने इंडियानातल्या साऊथ बेंडचा कारखाना बंद केला, हजारो कामगारांची पेन्शन बुडाली, त्यावरून ओरड होऊन अकरा वर्षांनी हा कायदा आला. त्यात आरोग्याचे प्लॅनही आले आणि एक कलम असं की एम्प्लॉयरच्या प्लॅनवर राज्यांचे कायदे चालणार नाहीत. मोठ्या कंपन्यांना हे सोयीचंच, पन्नास राज्यांत पन्नास नियम पाळायला नकोत. पेन्शन वाचवायला बांधलेल्या भिंतीवर आज आपलं इंजेक्शन अडलंय. सेल्फ-फंडेड प्लॅनलाही स्टेप थेरपीत अपवाद द्यायला लावणारं सेफ स्टेप अ‍ॅक्ट नावाचं बिल अमेरिकेच्या संसदेत पुन्हापुन्हा मांडलं जातं आणि तिथेच राहतं.

उंबरठा | १५ जानेवारी
एचआरचं उत्तर आलं. सेल्फ-फंडेड. म्हणजे आम्ही लटकलो का आता?

फार्मसीतली_मावशी | १५ जानेवारी
अजिबात नाही. ओबामाच्या कायद्यातला, म्हणजे २०१० च्या एसीएमधला, अपिलाचा भाग सेल्फ-फंडेडलाही लागू आहे (फार जुने, ग्रँडफादर्ड प्लॅन सोडून, ते आता विरळाच). नीट वाचा.

डिनायल मिळाल्यापासून अपील करायला १८० दिवस. अजून न घेतलेल्या औषधाचं साधं अपील असेल तर त्यांना ३० दिवसांत निकाल द्यावा लागतो, पण उशीर झाल्याने तब्येतीला गंभीर धोका आहे किंवा तीव्र वेदना सोसाव्या लागतील असं डॉक्टरने लिहिलं तर ते अर्जंट, आणि मग जास्तीत जास्त ७२ तास. तुमच्या केसमध्ये डॉक्टरांना "अर्जंट" हा शब्द लिहायलाच लावा, नाहीतर तुमचा कागद ३० दिवसांच्या ढिगात जाऊन पडेल. तिथेही नाही म्हणाले तर एक्सटर्नल रिव्ह्यू, बाहेरचा त्रयस्थ डॉक्टर फाइल बघतो. त्यासाठी शेवटच्या नकारापासून ४ महिने मुदत, निकाल ४५ दिवसांत, अर्जंट असेल तर ७२ तासांत, आणि तो निकाल प्लॅनला पाळावाच लागतो. अगदीच तातडी असेल तर अर्जंट अपील आणि अर्जंट एक्सटर्नल दोन्ही एकदम लावता येतात, हे फोनवरची बाई कधीच सांगणार नाही.

आणि अपिलाआधी एका ओळीचं पत्र: "ज्या निकषावर नाकारलंत तो निकष आणि माझ्या क्लेमची सगळी फाइल पाठवा." फुकट द्यावी लागते. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे ते नाक.

कणीस | १५ जानेवारी
मावशी, डॉक्टरच्या पत्रात काय असावं? आमच्या डॉक्टरने दोन ओळी लिहिल्या होत्या, "पेशंटला या औषधाची गरज आहे", ते फेटाळलं गेलं.

फार्मसीतली_मावशी | १५ जानेवारी
दोन ओळींवर कोण देणार! त्यांच्या निकषातली एकेक अट घ्यायची आणि तिच्यासमोर तारीख आणि आकडा ठेवायचा. मेथोट्रेक्सेट कधी सुरू केलं, किती मिलिग्रॅम, किती आठवडे, एएलटी (लिव्हरची रक्ततपासणी) आधी किती होता नंतर किती, कधी बंद केलं. लॅबचा रिपोर्ट सोबत जोडायचा. "सूट झालं नाही" असं लिहू नका, "१२ आठवड्यांनी एएलटी १३८, म्हणून बंद" असं लिहा. तीन वर्षांत सुजलेल्या सांध्यांची संख्या किती कमी झाली तेही चार्टमध्ये असतं, ते मागून घ्या. जुन्या इन्शुरन्सकडून मंजुरीची पत्रं मागवा. शिवाय डॉक्टर त्यांच्या डॉक्टरशी थेट फोनवर बोलू शकतात, पिअर-टू-पिअर म्हणतात त्याला, दहा मिनिटांचं काम असतं आणि बऱ्याच केसेस तिथेच सुटतात. फक्त डॉक्टरांच्या मागे लागावं लागतं.

सामान_बांधलंय | १७ जानेवारी
धागा हायजॅक करत नाही पण याच्याशीच जोडलेलं आहे. माझा गेल्या महिन्यात ले-ऑफ झाला, मुलाला एपिलेप्सी आहे, एक ठराविक ब्रँडचंच औषध चालतं त्याला. कोब्रा घेऊ की मार्केटप्लेस (स्वतः प्लॅन विकत घ्यायचा सरकारी बाजार)?

कणीस | १७ जानेवारी
आम्ही दोन वर्षांपूर्वी यातून गेलो. कोब्रा म्हणजे तोच जुना प्लॅन, तीच फॉर्म्युलरी (औषधांची यादी), भरलेलं डिडक्टिबलही (प्लॅनने पैसे द्यायच्या आधी आपण भरायची रक्कम) तसंच चालू राहतं, फक्त पूर्ण प्रीमियम अधिक २ टक्के तुमच्या खिशातून, आकडा बघून नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला होता. ठरवायला ६० दिवस मिळतात आणि नंतर घेतलं तरी मागच्या तारखेपासून लागू होतं (मागचा प्रीमियम भरून). नोकरी गेल्यावर मार्केटप्लेसलाही ६० दिवसांची खिडकी असते. तेव्हा घाई करू नका पण झोपूही नका.

मार्केटप्लेसचा प्लॅन घ्यायच्या आधी औषधांची यादी बघा. ती यादी कंपनीने वेबसाइटवर उघडी ठेवायलाच लागते, अकाउंट न काढता, पॉलिसी नंबर न मागता दिसली पाहिजे, नियमच आहे तसा. आणि नुसतं "कव्हर्ड" बघून खूश होऊ नका, कोणत्या टियरला (दराच्या पायरीला) आहे, शेजारी पीए (प्रायर ऑथ) लिहिलंय का, एसटी (स्टेप थेरपी) लिहिलंय का, क्यूएल (किती मिळेल त्यावर मर्यादा) लिहिलंय का ते बघा. ही तीन लघुरूपं मी आता झोपेतही वाचू शकते.

फार्मसीतली_मावशी | १७ जानेवारी
कणीसताईंना अनुमोदन. मार्केटप्लेस आणि लहान कंपन्यांच्या प्लॅनना (साधारण ५० माणसांपर्यंतच्या) औषधांच्या बाबतीत जास्त कडक नियम आहेत. तिथे औषधं ही दहा अत्यावश्यक सेवांपैकी एक आहे, प्रत्येक औषधवर्गात किमान एक औषध किंवा राज्याच्या नमुना प्लॅनमध्ये जितकी असतील तितकी, यातलं जे जास्त ते ठेवावं लागतं. यादीत नसलेलं औषध हवं असेल तर एक्सेप्शन मागायचं, ७२ तासांत उत्तर, अर्जंट असेल तर २४ तासांत. चालू कोर्समध्ये असलेला पेशंट असेल तर तेही अर्जंटमध्येच बसतं, म्हणजे तुमच्या मुलाचं बसेल. मंजूर झालं तर तो खर्च आऊट ऑफ पॉकेट मॅक्समध्येही (वर्षात आपल्या खिशातून जाणाऱ्या खर्चाची कमाल मर्यादा) मोजला जातो. उंबरठांना मात्र हा २४ तासांचा नियम लागू नाही, मोठ्या कंपनीचा प्लॅन आहे त्यांचा, म्हणून मी तो वर सांगितला नाही.

ह्यूस्टनचा_उकाडा | १८ जानेवारी
आता माझा एक किस्सा ऐका. मला मायग्रेनचं महागडं इंजेक्शन आहे, औषध कंपनीचं को-पे कार्ड (पेशंटने काउंटरवर भरायचा वाटा कंपनी भरते) होतं, जानेवारीपासून मी महिन्याला ५ डॉलर भरायचो आणि मस्त चाललं होतं. जूनमध्ये फार्मसीत गेलो तर पोरगी म्हणते ६४० डॉलर. म्हटलं डिडक्टिबल तर केव्हाच भरलं असेल की! उघडून बघतो तर पाच महिन्यांत माझ्या नावावर जमा फक्त २५ डॉलर. कार्डाने जे हजारो भरले ते प्लॅनने घेतले सगळे, पण माझ्या खात्यात मोजलेच नाहीत. कार्ड संपलं आणि मी परत शून्यावर.

नुसतं_वाचतो | १८ जानेवारी
त्याला कोपे अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. प्लॅनचं म्हणणं, कार्डामुळे लोक स्वस्त औषध सोडून महागाकडे जातात, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण जिथे जेनेरिकच नाही तिथे पेशंटने जायचं कुठे? केंद्राच्या २०२१ च्या नियमाने प्लॅनना ही मोकळीक दिली होती, ती सप्टेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टाने रद्द केली. त्यामुळे २०२० चा जुना नियम परत आला, म्हणजे जेनेरिक उपलब्ध असलेल्या ब्रँडपुरतीच सूट. पण सरकारने सांगितलं की नवा नियम करेपर्यंत आम्ही अंमलबजावणी करणार नाही. झालं, हुकूम आहे पण हवालदार नाही. २० च्या वर राज्यांनी स्वतःचे कायदे करून याला बंदी घातली आहे, आणि ते राज्याचे कायदे कोणाला लागू नाहीत ते तुम्हाला आता पाठच झालं असेल.

ह्यूस्टनचा_उकाडा | १८ जानेवारी
मीठ चोळा अजून.

बागेतली_खुर्ची | १९ जानेवारी
मी आजी आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. ह्यांचं आणि माझं मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी इन्शुरन्स) आहे, मुलीने पार्ट डी, म्हणजे त्यातला औषधांचा भाग, लावून दिलंय. ह्यांना रक्त पातळ करायची गोळी आहे, एलिक्विस, पूर्वी वर्षाअखेर छातीत धस्स व्हायचं बिल बघून. आता गेल्या वर्षीपासून वर्षाला २,००० डॉलरच्या वर औषधांना आपल्याला द्यावं लागत नाही म्हणे, यंदा ते २,१०० झालंय. मुलगी म्हणते ते महिन्यामहिन्याने वाटूनही भरता येतं. हे खरं का आणि सगळ्या औषधांना का?

फार्मसीतली_मावशी | १९ जानेवारी
आजी, सगळं खरं आहे. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने झालं हे. इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर नाही ते २०२३ पासून, पार्ट डीमध्ये येणाऱ्या शिफारशीतल्या लसी फुकट, आणि वर्षाची मर्यादा २०२५ पासून. फक्त दोन गोष्टी, प्रीमियम त्यात मोजत नाहीत, आणि प्लॅनच्या यादीत नसलेलं औषध घेतलंत तर तेही मोजत नाहीत. म्हणून दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरमध्ये मुलीला यादी परत बघायला सांगा, तोच प्लॅन असला तरी यादी बदलते. हप्त्यांसाठी प्लॅनला कळवावं लागतं, आपोआप होत नाही. एलिक्विस तर सरकारने घासाघीस करून किंमत ठरवलेल्या पहिल्या दहा औषधांत आहे, या जानेवारीपासून महिन्याची ठरलेली किंमत २३१ डॉलर, आधी यादीतली किंमत ५०० च्या वर होती. त्यातला तुमचा वाटा किती ते प्लॅनवर.

आणि आजी, नवीन प्लॅनमध्ये गेल्यावर चालू औषध यादीत नसेल तर पहिल्या ९० दिवसांत एकदा महिन्याचा साठा द्यावाच लागतो, तेवढ्यात डॉक्टरकडून एक्सेप्शन मागून घ्यायचं. पार्ट डीमध्ये सहा वर्ग असे आहेत की त्यातली जवळपास सगळी औषधं ठेवावीच लागतात: फिट्सची, डिप्रेशनची, सायकोसिसची, कॅन्सरची, एचआयव्हीची आणि अवयव बदलल्यावर घ्यायची.

सामान_बांधलंय | १९ जानेवारी
आई-बाबा ग्रीन कार्डवर आलेत, त्यांना पण घेता येईल का हे?

कणीस | १९ जानेवारी
६५ पूर्ण आणि ग्रीन कार्डवर इथे सलग ५ वर्षं राहिलेले हवेत, तेव्हा पैसे भरून मेडिकेअर विकत घेता येतं. आणि पात्र झाल्यावर पार्ट डी घ्यायला टंगळमंगळ करू नका, तितकंच चांगलं दुसरं कव्हर नसताना सलग ६३ दिवस किंवा जास्त गॅप गेला तर दर महिन्यामागे १ टक्का दंड, आणि तो जन्मभर प्रीमियमला चिकटतो. आमच्या सासऱ्यांनी "मला कुठे गोळ्या लागतात" म्हणून दोन वर्षं घालवली, अजून भरतायत. व्हिजिटर इन्शुरन्सवर मात्र यातलं काहीच लागू नाही हं, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या ते देत नाहीत.

मिरचीचा_ठेचा | २० जानेवारी
साध्या गोळ्यांसाठी माझी एक टीप. काउंटरवर विचारायचं, "इन्शुरन्स न लावता किती?" मला बीपीच्या ९० गोळ्यांना को-पे ३० सांगितला, कॅशने १४ ला मिळाल्या.

फार्मसीतली_मावशी | २० जानेवारी
ही टीप मात्र चांगली 🙂 पूर्वी काही करारांत आम्हाला तोंड बंद ठेवायला लावायचे, स्वस्त पडतं हे सांगायचं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये कायदा करून ते बंद केलं. पण आपणहून सांगितलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, म्हणून विचारा. कॅशने घेतलेलं डिडक्टिबलमध्ये बहुधा धरत नाहीत एवढं लक्षात ठेवा.

उंबरठा | ६ फेब्रुवारी
अपडेट. उशीर झाला, माफी.

मावशींनी सांगितलं तसं फाइल मागितली. आली तेव्हा त्यात काय निघालं माहितीये? डॉक्टरांचा फॅक्स त्यांना मिळालेला होता, ९ जानेवारीलाच, पण पाच पानांतली तीनच पानं लागली होती आणि मेथोट्रेक्सेटचा सगळा इतिहास चौथ्या पानावर. म्हणजे ज्याने नाकारलं त्याने ते वाचलेलंच नव्हतं. डॉक्टरांच्या ऑफिसमधल्या नर्सबाईंना हे दाखवल्यावर त्या इतक्या भडकल्या की पुढचं सगळं त्यांनीच हातात घेतलं, २०२२ चा एएलटीचा रिपोर्ट वरच लावला आणि "अर्जंट" मोठ्या अक्षरांत. पहिलं अपील तरीही नाकारलं! म्हणे मेथोट्रेक्सेटचं मान्य, पण बायोसिमिलर घेतलेलं नाही. तेव्हा अर्जंट एक्सटर्नल रिव्ह्यू लावला, एक पैसा लागला नाही, तिसऱ्या दिवशी निकाल, आमच्या बाजूने. रिव्ह्यू करणाऱ्याने लिहिलंय की तीन वर्षं स्थिर असलेल्या पेशंटचं औषध बदलायला वैद्यकीय कारण दिसत नाही. ही ओळ मी चार वेळा वाचली.

मधे दोन डोस चुकले. दुसऱ्या आठवड्यात तिचं मनगट परत सुजलं, भाकरी थापायला मी होतो त्यामुळे भाकरीचं वर्णन करत नाही. काल खोका आला, थर्माकोलचा, आत बर्फाच्या पिशव्या.

फार्मसीतली_मावशी | ६ फेब्रुवारी
वा वा! आता मंजुरीच्या पत्रावर शेवटची तारीख बघा, साधारण १२ महिन्यांची असते. त्याच्या दोन महिने आधीच रिन्यूअलचं डॉक्टरांना सांगा.

उंबरठा | ६ फेब्रुवारी
३१ जानेवारी २०२७. तिने फ्रीजवर मॅग्नेटखाली लावलंय, आणि खाली लिहिलंय "पाचही पानं मोजून पाठवणे".

बागेतली_खुर्ची | ७ फेब्रुवारी
थर्माकोलचे खोके टाकू नका बरं, कोथिंबीर छान येते त्यात. तळाला दोन भोकं पाडायची.